उसना खेळाडू

फुटबॉलच्या हंगामातले शेवटचे पाच-सहा सामने उरले की प्रत्येक क्लबच्या चाहत्यांमध्ये एक वाद हमखास पेटतो. जानेवारीत लोनवर आणलेल्या त्या खेळाडूचं काय करायचं? पैसे मोजून ठेवून घ्यायचा, की आभार मानून परत पाठवायचा? मी आर्सेनलची चाहती असल्यामुळे या वादात माझ्या बऱ्याच रात्री गेल्या आहेत. आमच्याकडे बार्सिलोनाहून डेनिस सुआरेझ आला, सहा वेळा बदली म्हणून उतरला आणि परत गेला. रियल माद्रिदहून दानी सेबायोस आला. घरच्या मैदानावरच्या पहिल्याच सामन्यात बर्नलीविरुद्धच्या दोन्ही गोलांना त्याचे पास होते, आणि त्या रात्री आम्ही सगळे त्याच्या प्रेमात पडलो. तो दोन हंगाम राहिला आणि परत गेला. मग त्याच माद्रिदहून मार्टिन ओडेगार्ड आला, राहिला आणि पुढे कॅप्टन झाला.

फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी हा लोनचा प्रकार थोडक्यात सांगते. शेजारून वाटीभर साखर आणावी तसा एक क्लब दुसऱ्या क्लबचा खेळाडू सहा महिने किंवा वर्षभर उसना आणतो. खेळाडूचा करार मूळ क्लबशीच राहतो. आणणारा क्लब त्याच्या पगाराचा काही भाग उचलतो, वर कधी भाडंही देतो. काही करारांत शेवटी ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचा पर्याय असतो. काहींत तो पर्याय नसून सक्ती असते. २०१७ मध्ये एम्बापे मोनॅकोहून पॅरिसला गेला तो कागदोपत्री लोनवरच. पण तिथे विकत घेणं आधीच ठरलेलं होतं, म्हणजे ती उसनवारी नव्हे, हप्त्याने खरेदी. मी ज्या वादाबद्दल लिहितेय तो खऱ्या उसनवारीचा. आणि साखरेशी तुलना एका ठिकाणी तुटते. साखर परत देताना आपण दुसरी साखर देतो. खेळाडू तोच परत द्यावा लागतो, आणि तोवर तो पहिल्यासारखा राहिलेला नसतो.

या प्रश्नासाठी २०२१च्या जानेवारीइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दोन दिवसांच्या अंतराने, लंडनमधल्या दोन क्लबांनी एकेक खेळाडू उसना आणला. २७ तारखेला आर्सेनलने ओडेगार्डला आणि २९ तारखेला वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडच्या जेसी लिंगार्डला.

लिंगार्ड तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. सात वर्षांचा असल्यापासून युनायटेडच्या अकादमीत वाढलेला. २०१६च्या एफए कप फायनलमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध जादा वेळेत विजयी गोल त्याचा. २०१८च्या विश्वचषकात इंग्लंडकडून पनामाविरुद्ध बॉक्सच्या बाहेरून मारलेला तो सुंदर गोलही त्याचाच. पण नंतर सगळं आटलं. २०१९-२० मध्ये लीगमध्ये त्याने एक गोल केला, तोही हंगामाच्या शेवटच्या दिवशी. पुढच्या हंगामात जानेवारीपर्यंत युनायटेडने त्याला लीगचा एकही सामना दिला नव्हता. मग तो वेस्ट हॅमला गेला, ३ फेब्रुवारीला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध पहिल्यांदा उतरला आणि दोन गोल करून बाहेर आला. पुढे टॉटनहॅम, लीड्स, आर्सेनल, वुल्व्हज, लेस्टरविरुद्ध पुन्हा दोन, न्यूकासल. पहिल्या दहा सामन्यांत नऊ गोल. एप्रिलचा सर्वोत्तम खेळाडू तो ठरला. वेस्ट हॅम सहावा आला आणि युरोपा लीगमध्ये पोचला.

ओडेगार्डची गोष्ट उलटी. नॉर्वेतल्या ड्रामेन गावचा हा मुलगा पंधराव्या वर्षी देशाच्या मुख्य संघात खेळला. सोळाव्या वर्षी, २०१५च्या जानेवारीत, रियल माद्रिदने त्याला उचललं. मे महिन्यात तो क्रिस्टियानो रोनाल्डोच्या जागी बदली म्हणून उतरला. माद्रिदच्या इतिहासात इतक्या लहान वयात तोवर कुणीच मैदानात उतरलं नव्हतं. आणि मग सुरू झाली वणवण. हॉलंडमध्ये हेरेनफेन, मग फिटेस, मग स्पेनमध्ये रियल सोसिएदाद. सोसिएदादकडून तो इतका छान खेळला की कपच्या उपांत्यपूर्व सामन्यात माद्रिदच्याच मैदानावर माद्रिदविरुद्ध गोल केला आणि सोसिएदादने तो सामना ४-३ जिंकला. माद्रिदने त्याला परत बोलावलं, बाकावर बसवलं आणि काही महिन्यांत पुन्हा उसना दिला. आर्सेनल हे त्याचं चौथं उसनं घर होतं. वय बावीस.

आर्सेनलकडून त्या सहा महिन्यांत तो वीस सामने खेळला. दोन गोल, दोन असिस्ट. बस.

आता तुम्ही क्लबचे अकाउंटंट आहात असं समजा आणि हे दोन कागद समोर ठेवा. एका कागदावर सोळा सामने, नऊ गोल. दुसऱ्यावर वीस सामने, दोन गोल. माझा इंजिनिअरिंगचा एक मित्र, युनायटेडवाला, मला तेव्हा फोनवर म्हणाला, “अगं, यात विचार करण्यासारखं काय आहे? आमच्या जेसीला घ्या म्हणावं, तो नॉर्वेवाला नुसता गोड दिसतो.” मला ओडेगार्ड हवा होता. पण का हवा, ते एखादा आकडा काढून दाखवता येईना, आणि आकड्याशिवाय मित्राला पटवणं म्हणजे टेस्ट केसशिवाय कोड मर्ज करायला मागणं.

गंमत अशी की हे दोघं एकाच सामन्यात समोरासमोर आले. २१ मार्च २०२१, लंडन स्टेडियम. कोविडचे दिवस, घरून काम, त्यामुळे मी कोल्हापूरला घरीच होते आणि सामना मामाबरोबर लॅपटॉपवर बघत होते. माझं फुटबॉल मामाचं आहे. मी शाळेत असताना तो मला स्कूटरवर पुढे उभी करून शाहू स्टेडियमला न्यायचा. कोल्हापूरबाहेरच्या वाचकांना हे सांगावं लागतं की आमच्याकडे क्रिकेटइतकाच फुटबॉल रक्तात आहे. संघ पेठांचे आणि तालमींचे, पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ वगैरे. सामना हरला तर पेठेत चूल पेटत नाही, असं मामा म्हणायचा. (मामी म्हणायची, पेटते, मीच पेटवते.) या तालमींकडून बाहेरचे खेळाडूही खेळतात, अलीकडे आफ्रिकेतलेही. त्यामुळे ‘आपला’ आणि ‘आणलेला’ हा फरक मामाला युरोपकडून शिकायची गरज नव्हती.

पंधराव्या मिनिटाला लिंगार्डने बॉक्सच्या कडेवरून सणसणीत गोल मारला. दोनच मिनिटांत आमचे बचावपटू अजून रेफरीशी हुज्जत घालत असताना त्याने झटकन फ्री किक घेतली आणि जॅरड बोवेनने दुसरा गोल केला. मग तिसरा. अर्धा तास आणि पाच मिनिटांत ३-०. मी लॅपटॉप बंद करायच्या बेतात होते. मामा म्हणाला, “थांब. ह्यो लिंगार्ड लई भारी खेळतोय. पर ऱ्हाणार हाय का त्यो?”

मला वाटलं मामा कराराबद्दल विचारतोय. तसं नव्हतं. मामाच्या भाषेत ‘राहणं’ म्हणजे वेगळंच काहीतरी, ते पुढे सांगते.

सामना ३-३ सुटला. आर्सेनलच्या तीन गोलांपैकी दोन वेस्ट हॅमच्याच खेळाडूंच्या पायाला-अंगाला लागून गेलेले, तिसरा लाकाझेटचा. म्हणजे गोलपत्रकात ओडेगार्डचं नावच नाही. पण त्या संध्याकाळी संघ त्याने फिरवला, हे सामना पाहिलेल्या कुणालाही विचारा. तीन गोलने मागे पडलेला संघ सहसा चेंडू लपवायला लागतो. मागे पास, आडवा पास, जबाबदारी पुढच्यावर. हा मात्र प्रत्येक वेळी चेंडू मागायला येत होता. चेंडू गेला की पहिला धावत समोरच्या बचावपटूवर जायचा आणि धावता धावता मागे वळून हात हलवायचा, ‘या, पुढे या’. सहा-सात आठवड्यांपूर्वी आलेला उसना पोरगा वर्षानुवर्षं तिथे असलेल्यांना पुढे बोलावत होता. मामाने ते बरोबर टिपलं. “बारकं सारखं हात करतंय बघ.”

आकडेवारीत या हाताचा रकाना नसतो.

मग उन्हाळा आला. आर्सेनल आठवा आला होता आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच युरोपातल्या कुठल्याही स्पर्धेत नव्हता. ओडेगार्ड माद्रिदला परत गेला. नव्या हंगामाचा पहिला सामना आम्ही ब्रेंटफर्डकडून हरलो. २० ऑगस्टला सुमारे तीन कोटी पौंड मोजून त्याला कायमचं घेतल्याची घोषणा झाली. व्हिसाच्या कामात चेल्सीविरुद्धचा सामना त्याचा हुकला, तोही हरलो. मग सिटीकडून ५-०. तीन सामने, शून्य गोल, गुणतक्त्यात सगळ्यात खाली. अशा घरात तो आला. १८ सप्टेंबरला बर्नलीच्या मैदानावर त्याच्या फ्री किकवर आम्ही १-० जिंकलो. वर्षभराने, २०२२च्या जुलैमध्ये, मिकेल आर्टेटाने त्याला कॅप्टन केलं, आणि त्या हंगामात त्याने लीगमध्ये पंधरा गोल केले. लोनवर असताना लीगमध्ये एक केला होता.

लिंगार्डचं वेस्ट हॅमशी जमलं नाही. क्लबला तो हवा होता, युनायटेडने सोडला नाही, ऑगस्ट संपला. तिकडे युनायटेडने तोवर सांचो आणला, रोनाल्डो आणला. पुढच्या अख्ख्या हंगामात त्याचे लीगमध्ये दोन गोल. त्यातला एक सप्टेंबरमध्ये वेस्ट हॅमच्याच मैदानावर, बदली म्हणून उतरून, ८९व्या मिनिटाला. युनायटेड त्या गोलवर जिंकला. लिंगार्डने आनंद साजरा केला नाही, नुसता उभा राहिला. त्या स्टेडियमवर भरल्या प्रेक्षकांसमोर त्याने केलेला तो पहिला गोल होता, आणि तो त्यांच्याविरुद्ध होता. २०२२ मध्ये करार संपला आणि तो नॉटिंगहॅम फॉरेस्टला गेला. ऑगस्टमध्ये तो फॉरेस्टकडून वेस्ट हॅमविरुद्ध उतरला तेव्हा वेस्ट हॅमच्या त्याच चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. त्या वर्षी लीगमध्ये सतरा सामने, गोल एकही नाही. मग कित्येक महिने क्लबच नाही. २०२४ मध्ये तो दक्षिण कोरियात एफसी सेऊलकडे गेला.

ही गोष्ट इथवर सांगितली की ऐकणारा खूश होतो. बघा, वेस्ट हॅम वाचलं. लिंगार्डचं ते उसनं अवसान होतं, ओडेगार्डचं अस्सल होतं. मला हा निकाल फार सोपा वाटतो, आणि तो पूर्ण खरा आहे असं मला वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे लोनचे सहा महिने कशात गेले ते बघा. २०२१चा तो वसंत रिकाम्या स्टेडियमांचा होता. लिंगार्डचे सगळेच्या सगळे नऊ गोल १७ एप्रिलपर्यंतचे, म्हणजे रिकाम्या खुर्च्यांसमोरचे. वेस्ट हॅमच्या लोकांनी ते आमच्यासारखेच टीव्हीवर पाहिले. आणि न्यूकासलनंतरच्या सहा सामन्यांत त्याने एकही गोल केला नाही. हे सहा सामने फारसं कुणी मोजत नाही. पण ते मोजून ‘तो आटला होता’ म्हणणंही बरोबर नाही, कारण सोळा सामन्यांचा नमुना हा नमुनाच नव्हे. कुठल्याही शहाण्या माणसाने त्यावरून दोन्हीकडचा निष्कर्ष काढू नये.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. लोनवरचा खेळाडू ज्या परिस्थितीत खेळतो ती परिस्थिती तुम्ही त्याला विकत घेतल्या दिवशी संपते. लोनवर त्याला हरण्यासारखं काही नसतं. मूळ क्लबने टाकलेलं असतं, दाखवून द्यायचं असतं. क्लबही त्याच्याकडून पुढच्या तीन वर्षांचं काही मागत नाही, शनिवारचं मागतो. म्हणून तो मोकळा खेळतो. किंवा उलट, मनाने सामानाची बॅग उघडतच नाही आणि अर्धाच खेळतो. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी आपण जे पाहतो ते पाहुण्याचं वागणं. पाहुणा चार दिवस आपल्या घरी किती गोड वागला यावरून तो घरात राहायला आला तर कसा वागेल हे कळत नाही.

फिलिपे कुटिन्योचं घ्या. एकाच माणसाच्या बाबतीत दोन क्लबांनी दोन निर्णय घेतले. २०१९-२० मध्ये तो बार्सिलोनाहून बायर्न म्युनिकला उसना होता. चॅम्पियन्स लीगमध्ये बायर्नने बार्सिलोनाला ८-२ हरवलं त्यात शेवटचे दोन गोल या बार्सिलोनाच्याच खेळाडूचे. करारात विकत घेण्याचा पर्याय होता. बायर्नने ती स्पर्धा जिंकली, त्याच्याशी हात मिळवला आणि परत पाठवलं. मग २०२२च्या जानेवारीत तो अ‍ॅस्टन व्हिलाकडे उसना आला. पहिल्याच सामन्यात बदली म्हणून उतरून एक गोल करवला, एक केला आणि युनायटेडशी सामना २-२ सोडवला. व्हिलाचा कोच स्टीव्हन जेरार्ड हा त्याचा लिव्हरपूलचा जुना सहकारी. मे महिन्यात व्हिलाने त्याला विकत घेतलं. ऑक्टोबरमध्ये जेरार्डची हकालपट्टी झाली. पुढच्या वर्षी कुटिन्यो कतारमध्ये उसना होता. व्हिलाने खेळाडूसाठी पैसे मोजले, पण त्याची जागा ज्याच्या मनात होती तो माणूसच पाच महिन्यांत गेला.

म्हणून माझं मत असं झालंय की ठेवून घेणं हे सहा महिन्यांच्या कामाचं बक्षीस नाही. ‘नऊ गोल केले, आता घ्यायलाच हवा’ हे वाक्य भावनेने बरोबर आणि हिशेबाने चुकीचं. प्रश्न खेळाडूपेक्षा क्लबला जास्त विचारायचा असतो. याला आम्ही काय देणार आहोत? त्याच्याभोवती काही उभं करायची आमची तयारी आहे का, की जे चाललंय तेच चालू राहावं म्हणून पैसे टाकतोय? ओडेगार्डला मिळालेली गोष्ट करारात लिहिता येत नाही. सहा-सात वर्षं बॅग उचलून फिरणाऱ्या पोराला कुणीतरी सांगितलं की आता बॅग वर माळ्यावर टाक. तो लोनवरही हात करून लोकांना पुढे बोलवत होताच. पण कायम झाल्यावर त्याच्याभोवती संघ बसवला गेला, त्याची चूक झाली तरी पुढच्या शनिवारी तोच खेळणार हे ठरलं, आणि मग एकाचे पंधरा गोल झाले. निर्णयामुळे ती वस्तूच बदलली.

मग हेच लिंगार्डला लागू करा. वेस्ट हॅमने त्याला २०२१ मध्ये ठेवून घेतलं असतं, डेव्हिड मोयेसच्या त्याच संघात, बोवेन आणि अँटोनियोच्या शेजारी, तर तो कोरियापर्यंत पोचला असता का? फॉरेस्टमधलं वर्ष पुराव्यादाखल देऊ नका. त्या उन्हाळ्यात फॉरेस्टने वीसहून जास्त खेळाडू आणले होते, तिथे कुणालाच कुणाचं नाव पाठ नव्हतं. मामाचा प्रश्न मला नंतर कळला तो असा. ‘ऱ्हाणार हाय का’ म्हणजे हा इथला होणार आहे का, आणि इथले त्याला होऊ देणार आहेत का.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने का लिहितेय, तर माझ्या नोकरीची सुरुवात लोनवर झाली.

आमच्याकडे त्याला ‘थर्ड पार्टी पेरोल’ म्हणतात. हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत बसायचं, त्यांचं काम करायचं, पगार मात्र भलत्याच एजन्सीचा. आयकार्डच्या पट्टीचा रंग वेगळा. कॅन्टीन एक, पण ॲन्युअल डेचं आमंत्रण नाही, आणि दिवाळीला डेस्कवर जे खोके येतात ते आपल्या डेस्कला वळसा घालून जातात. मी अशी अकरा महिने होते, मग कायम झाले. मला कुणी छळलं वगैरे नाही. पण त्या अकरा महिन्यांत मी एकाही मीटिंगमध्ये ‘हे डिझाइन चुकतंय’ असं म्हटलं नाही. पाहुण्याने यजमानाच्या आमटीत मीठ कमी आहे म्हणू नये.

गेल्या वर्षी मी दुसऱ्या एका कंपनीत टीम लीड होते, आणि प्रश्न माझ्याकडे उलट बाजूने आला. बिलिंगची जुनी सिस्टिम नव्यावर न्यायला सहा महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर एक मुलगा आणला होता. लातूरकडचा, माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, मला ‘ताई’ म्हणायचा. सहा महिने संपत आले तेव्हा मॅनेजरने मला विचारलं, कन्व्हर्ट करायचं का? आणि लगेच पुढे, त्याने तिकिटं किती बंद केली?

तिकिटं मध्यमच होती. टीममधल्या दोघांची त्याच्याहून जास्त होती. पण मी बघितलेलं वेगळं होतं. तो आल्यापासून आमच्या दोन ज्युनिअर मुली रिलीजच्या रात्री घाबरेनाशा झाल्या होत्या. कारण याने सिस्टिम कुठे कुठे मोडते आणि मोडली तर काय करायचं हे सगळं साध्या भाषेत लिहून ठेवलं होतं, कुणी सांगितलेलं नसताना. आणि एका डिझाइन मीटिंगमध्ये, कॉन्ट्रॅक्टवर असून, तो आर्किटेक्टला शांतपणे म्हणाला होता की असं केलं तर एका ग्राहकाला दोनदा बिल जाईल. मी शिफारशीत हेच लिहिलं. त्याचे आकडे बघू नका, तो आल्यापासून बाकीच्यांचे आकडे बघा. शक्य असतं तर २१ मार्चच्या सामन्याची लिंक जोडली असती.

उत्तर आलं, काम छान चाललंय ना, मग तीन महिने एक्स्टेंड करू. तीन महिन्यांनी पुन्हा तीन.

हा तिसरा पर्याय आहे आणि फुटबॉलने तो फार आधी शोधून काढला. ना ठेवायचं, ना सोडायचं. चेल्सीने लुकास पियाझोन नावाच्या ब्राझीलच्या मुलाला २०१२च्या सुमारास आणलं आणि २०२१ मध्ये सोडलं. मधल्या काळात तो सात क्लबांकडे उसना गेला. चेल्सीकडून तो एकूण तीन सामने खेळला. एका वेळी तीस-चाळीस खेळाडू असे बाहेर ठेवणारे क्लब होते, म्हणून २०२२ पासून फिफाला आंतरराष्ट्रीय लोनच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. आयटीत अशी मर्यादा घालणारं कुणी नाही. त्या मुलाने मला एकदा विचारलं होतं, “ताई, दर तीन महिन्यांनी घरी काय सांगायचं?” त्याच्या वडिलांना पुण्यात छोटा फ्लॅट बघायचा होता. बँकेने कागद बघून परत पाठवले. लोनवरच्या माणसाला बँक लोन देत नाही.

दुसऱ्या मुदतवाढीच्या सातव्या आठवड्यात त्याने बेंगळुरूची ऑफर घेतली. कायमची. तो गेल्यावर त्याचं लिहिलेलं राहिलं, ते अजून वापरतात असं ऐकते. त्याच्या जागी नवा माणूस आणायला मॅनेजरला फार वेळ लागला नाही.

वेस्ट हॅमलाही लागला नव्हता. लिंगार्ड मिळत नाही म्हटल्यावर २०२१च्या ऑगस्टअखेरीस त्यांनी सीएसकेए मॉस्कोकडून निकोला व्लाशिचला आणलं. क्रोएशियाचा, हुशार, बऱ्याच पैशांना, आणि उसना नव्हे, थेट कायमचा. त्याने त्या हंगामात लीगमध्ये एक गोल केला. वर्षभरात वेस्ट हॅमने त्याला इटलीतल्या तोरिनोला लोनवर दिलं. तिथे तो रुळला. हंगाम संपत आला तसा तोरिनोच्या लोकांसमोरही तोच प्रश्न आला असणार, ठेवायचा की परत पाठवायचा. २०२३च्या उन्हाळ्यात त्यांनी त्याला ठेवून घेतलं.